पक्षी बियाणे, दोन किलो

मागच्या वर्षीची गोष्ट. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम एक हजार तीनशे पंच्याऐंशी रुपये. त्यातले सातशे पंचेचाळीस फीडरचे आणि सहाशे चाळीस दाण्याच्या पाकिटाचे. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि अंगणात खुर्चीवर बसलेले माझे बाबा. पार्सल मी ब्लेडनं उघडलं आणि आतलं सामान पायरीवर मांडलं.

"हे काय मागवलं जी?" बायकोनं विचारलं.

"पाखरांसाठी आहे."

तिनं पाकीट उचलून उलटंसुलटं केलं. त्यावर एका पिवळ्या पोटाच्या पक्ष्याचं चित्र होतं. आमच्या भागात तो पक्षी मी आजवर पाहिलेला नाही. खाली मराठीत छापलं होतं, 'पक्षी बियाणे. वजन २ किलो.' मराठी यंत्रानं केल्यासारखं होतं, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं नाही. पुढे त्याच एका शब्दानं मला खड्ड्यात घातलं.

"सहाशे चाळीसचं दोन किलो. म्हणजे तीनशे वीस रुपये किलो," बायको म्हणाली. "आपण माणसं असून या भावाचा तांदूळ कधी खाल्ला नाही. आन् गोंदियात राहून दाणा पार्सलनं मागवून राहिले तुम्ही! लोक ऐकतील तर काय म्हणतील?"

भागाकार बरोबर होता. बावीस वर्षं मी एका राईस मिलच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेल्या ट्रकचं वजन घ्यायचं, रिकाम्याचं घ्यायचं आणि मधला फरक लिहायचा. बरोबर आकड्याशी भांडायची मला सवय नाही.

बाबांनी फीडरकडे एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. त्यात नवल नव्हतं. दवनीवाड्याकडे आमचं तीन एकर धानाचं शेत आहे. आता ते बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलंय, पण साठेक वर्षं बाबांनीच कसलं. धानात दूध भरायला लागलं की मचाणावर बसून पाखरं हाकलायची, हे दर वर्षाचं काम. गोफण होतीच, पण गोफणीपेक्षा त्यांच्या आवाजाची वट जास्त होती. बांधावरून त्यांनी हाक मारली की सडकेवरचा सायकलवाला उतरून मागे बघायचा. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर मी विकतचा दाणा टांगून पाखरांना बोलावणार होतो.

आणि कारण नेमकं तो आवाजच होता.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू होताच बाबांना लकव्याचा झटका आला. उजवा हात आणि पाय महिन्याभरात बरेच सावरले. काठी घेऊन ते संडासापर्यंत जाऊ लागले. जीभ मात्र जड राहिली. शब्द यायचे, पण घसरत यायचे. डॉक्टर म्हणाले, "जीभही आहे, आवाजही आहे. रोज मोठ्यानं बोलले तर सुधारतील. गप्प राहिले तर आहे तेही जाईल." सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं मोठ्यानं बोलायचा सराव सांगितला होता. तीन दिवस बाबांनी तो नेमानं केला.

चौथ्या दिवशी गावाकडचे एक ओळखीचे गृहस्थ भेटायला आले. बाबांनी त्यांना रोवणी कुठवर आली ते विचारलं. एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. तो माणूस माझ्याकडे वळला आणि हसत म्हणाला, "काय म्हणून राहिला म्हातारा? मले तं काईच समजलं नाई." मनात वाईट नव्हतं त्याच्या. पण बाबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पाणी हवं तर अंगठा, चहा हवा तर दोन बोटं, आणि नको असेल तर डोळे मिटून घ्यायचे. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत मी मोजत होतो. शब्दांचा आकडा शून्य होता. मी हात जोडले, रागावलो, बायकोनं लाडीगोडी लावली, तरी शून्य.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एक दिवस मी कामावरून आलो, तेव्हा शिंपी पक्षी वाळत घातलेल्या गोधडीचा दोरा ओढत होता. बाबा त्याच्याकडे बघत होते. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं त्यांची नजर हलली नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की रोज पाखरं येऊ लागली तर बाबा कधीतरी तोंड उघडतील. शिवी देतील, हाकलतील, काही का असेना. बायकोला मी हे सांगितलं नव्हतं. माझंच मला बालिश वाटत होतं.

फीडर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची नळी. चार भोकं, प्रत्येक भोकाशी करंगळीएवढी दांडी. पेरूच्या फांदीला ती मी टांगली. रोज सकाळी आणि संध्याकाळी उतरवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करू लागलो. पहिले दोन दिवस एक ग्रॅमही कमी झालं नाही. तिसऱ्या दिवशी चाळीस ग्रॅम कमी भरलं आणि मी खूश झालो. दुपारी बायकोचा मिलमध्ये फोन आला, "तुमचं पाखरू आलं जी. चार पाय आहेत त्याले, आन् झुपकेदार शेपूट." खार उलटी लटकून सूर्यफुलाच्या बिया निवडून खात होती आणि बाकीचं खाली सांडत होती. अकरा दिवसांत आलेली पाखरं शून्य, आलेल्या खारी दोन.

मग मी कपाळाला हात लावायचं सोडून विचार करायला बसलो. कंपाउंडच्या भिंतीवर चिमण्या बसायच्या, पण नळीवर येत नव्हत्या. मी त्यांना नीट पाहिलं. आमची चिमणी एकटी खात नाही. तिला चार जणींत बसायला सपाट जागा लागते आणि भुर्रकन उडायला चारही बाजू मोकळ्या लागतात. दांडीला लटकून भोकात चोच घालणं हा तिचा धंदाच नाही. मी नळी उतरवली आणि माळ्यावरचं जुनं बांबूचं सूप काढलं. चार कोपऱ्यांना चार सुतळ्या बांधून ते टांगलं. खर्च शून्य. उंची साडेपाच फूट ठेवली, कारण शेजारची मांजर चार फूट उडी मारते. ते मी पाहिलेलं होतं. मेंदीच्या कुंपणापासून सहा फूट अंतर ठेवलं. ससाणा आला तर पाखरांना तिथे घुसता यावं आणि मांजर मात्र दबा धरून पोहोचू नये, असा तो मधला आकडा होता.

दाणाही बदलला. तीनशे वीसवाल्या पाकिटातला अर्धा माल आमच्या पाखरांच्या ओळखीचाच नव्हता. मिलमधून मी पाच किलो तुकडा तांदळाची कणी घेतली, पावती फाडून. काट्यावर बसणाऱ्यानं मूठभरही तशी उचलू नये. पहिल्याच दिवशी सुपात दोन चिमण्या उतरल्या. चौथ्या दिवशी सात झाल्या. आठवड्यानंतर मी मोजणं सोडलं, कारण त्या एका जागी ठरत नव्हत्या. होले, म्हणजे कवडे, सुपात बसेनात. त्यांना जमीन लागते, म्हणून चार विटा मांडून त्यांच्यासाठी ज्वारी टाकली. बुलबुलाला दाणा चालत नाही, म्हणून खिळ्याला अर्धी पपई अडकवली. तिच्यावर तिसऱ्या दिवशी तांबट आला. तोवर मी त्याचा नुसता टुक-टुक आवाज ऐकला होता. एवढा लाल कपाळाचा, एवढा हिरवा पक्षी आमच्या दारात बसेल असं वाटलं नव्हतं. पाणी मातीच्या परातीत ठेवलं, दोन बोटं खोल, त्याहून जास्त नाही.

हे सगळं कोणत्या पुस्तकात वाचून केलं नाही. चुकत गेलो आणि चूक लिहून ठेवत गेलो. आज आमच्या अंगणात सतरा जातींचे पक्षी येतात, आणि कुणाला काय, कुठे, किती उंचीवर लागतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला हे अभिमानानं सांगते, आणि सूप तिचं होतं हेही सांगते.

बाबा आता पायानं रेटत खुर्ची भिंतीकडून पेरूकडे वळवून घेऊ लागले होते. सकाळी सूप भरायला मला पाच मिनिटं उशीर झाला तर काठी जमिनीवर आपटत. पण तोंड मिटलेलंच.

आता माझी चूक सांगतो.

होले वाढले. दिवसाला तीनशे ग्रॅम ज्वारी संपू लागली. किराणा दुकानात ज्वारी चोपन्न रुपये किलो होती. मला वाटलं, पाकिटावर 'पक्षी बियाणे' लिहिलंय, म्हणजे लोक पाखरांना बियाणंच घालत असतील. बियाणं म्हणजे निवडलेलं, टपोरं. आणि हंगाम गेल्यावर ते स्वस्त मिळतं. मी कृषी केंद्रात गेलो.

"ज्वारीचं बियाणं आहे का?"

"चाऱ्याच्या ज्वारीचं हाय," दुकानदार म्हणाला. "मागच्या सालचं उरलं. सुटं हाय. उगवन्याची ग्यारंटी नाही देत भाऊ, आधीच सांगतो."

"उगवलं नाही तरी चालेल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अजब गिऱ्हाईक हाय! पंधरा रुपयांनं लावतो. समदं घेऊन जा मग."

चार किलो घेतलं, साठ रुपये दिले. पाखरांचं नाव मी काढलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. मी बियाणं मागितलं, त्यानं बियाणं दिलं. त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

दाणे गुलाबी होते. त्यावर औषध लावलेलं असतं हे मला माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. माहीत होतं. पण मी धानवाल्याचा मुलगा. आमच्याकडे बियाण्याला लावायचं ते मीठ. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालायचं, त्यात धान ओतायचं. पोचट दाणा वर तरंगतो, भरीव तळाला बसतो. तळाचं दोन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवायचं, आणि तरंगलेलं कोंबड्यांना. लहानपणी हे काम माझं होतं. धुतलं की झालं, ही खात्री तिथून डोक्यात बसलेली. म्हणून घरामागच्या नळावर मी ती ज्वारी दोनाऐवजी पाच पाण्यांनी धुतली. पहिलं पाणी बीट उकडल्यासारखं निघालं, पाचवं जवळजवळ स्वच्छ. गच्चीवर दोन दिवस वाळवली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोनशे ग्रॅम ताटात मोजून घेतली आणि अंगणात आलो.

तारेवर सहा होले वाट बघत होते. मी विटांपाशी उकिडवा बसलो आणि अर्धं ताट ओतलं. दोन होले लगेच विटांपासून हातभर अंतरावर उतरले.

"हाऽऽऽ! हाऽऽ होऽऽऽ! हुर्रऽऽऽ!"

मी दचकून मागे बसलो. होले उडाले, सुपातल्या चिमण्या उडाल्या, पपईवरचा बुलबुल उडाला, शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. माझ्या हातातल्या ताटावर काठी येऊन आदळली आणि उरलेली ज्वारी अंगणभर पसरली. वळून पाहिलं तर बाबा खुर्चीच्या हाताला धरून उभे होते. चेहरा लाल झाला होता आणि छाती भात्यासारखी हलत होती.

"जहर!" ते म्हणाले. "जहर हाय त्याच्यावर! गुलाबी दिसून राहिलं, डोळे फुटले का तुझे?"

शब्द घसरत होते. 'जहर'मधला शेवटचा र अर्धाच आला. पण प्रत्येक शब्द कळला. बायको कणकेच्या हातांनी धावत दारात आली.

"मामाजी बोलले?" तिनं मला विचारलं. "मामाजी ओरडले ना जी? का तुम्ही ओरडले?"

"मी कायले ओरडू?" मी म्हणालो.

"बडबड बंद करा!" बाबा म्हणाले. "दाना उचला आधी! पाखरं परत येतीन."

मी झाडूनं ज्वारी गोळा केली आणि काट्यावर ठेवली. एकशे त्र्याऐंशी ग्रॅम भरली. सतरा ग्रॅम कमी. सतरा ग्रॅम म्हणजे पाच-सहाशे दाणे, अंगणातल्या विटांच्या फटींमध्ये. मी आणि बायको गुडघ्यांवर बसून एकेक दाणा वेचू लागलो. बाबा खुर्चीत बसून काठीनं दाखवू लागले.

"तिकडं. डाव्या हाताले. डाव्या म्हनलं ना, हा डावा होय का? फटीत पाह. अजून एक हाय."

"कुठं मामाजी?"

"तुझ्या पायाखाली हाय सूनबाई. पाय उचल."

मधेच एखादी चिमणी सुपाकडे वळली की तोच आवाज, "हाऽऽ होऽऽ!" शेजारच्या बाई कंपाउंडवरून डोकावून म्हणाल्या, "काय झालं जी काकाजी? चोर आला का?"

"चोर नाही," बाबा म्हणाले. "माझा पोरगा हाय. नोकरी करते."

शेजारच्या बाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. एक तास दहा मिनिटं लागली. शेवटी काटा दोनशेवर आला तेव्हा मी उठलो. गुडघे सोलले होते. सगळीच्या सगळी चार किलो ज्वारी मी विहिरीपासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात कंबरभर खड्डा करून पुरली, विटा धुतल्या, ताट टाकून दिलं. त्या तासाभरात बाबा किती शब्द बोलले ते मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी मोजण्यासारखी गोष्ट समोर असून मोजायचं राहून गेलं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

दुपारी चहा घेताना बाबांनी पाकिटाकडे बोट दाखवून काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं, "पक्षी बियाणे."

त्यांनी कपातला एक घोट घेतला. मग म्हणाले, "पाखराले बियाणं कायले रे? ते पेरते का?"

बायकोला ठसका लागला. बाबांनाही हसू आलं, आणि त्यांच्या वाकड्या ओठातून थोडा चहा सांडला. एरवी त्यांनी मान वळवली असती. त्या दिवशी गमछ्यानं पुसला आणि पुढे बोलत राहिले. "पेरते ते बियाणं. खाते तो दाना. एवढा फरक समजला नाही तुले, आन् मिलात नोकरी करतेस."

मला बोलणी खाताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पण एक गोष्ट राहिली होती. शेजारच्या बाईंना रागाच्या भरात दिलं तेवढं उत्तर सोडलं, तर बाबा आता फक्त घरात बोलत होते, आमच्याशी दोघांशी. कुणी तिऱ्हाईत आलं की पुन्हा गप्प. भेटायला आलेल्या साडूभावासमोर त्यांनी चहासाठी दोन बोटंच दाखवली. डॉक्टरांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घरात बोलतात हे चांगलंच झालं. बाहेर बोलतील तेव्हा मी निश्चिंत." म्हणजे अर्धाच ट्रक खाली झाला होता.

डिसेंबर लागला. एका सकाळी बाबा सुपाकडे बघत म्हणाले, "कणी चिमण्यांची झाली, ज्वारी होल्यांची झाली. मनोल्या कुठं हायत?"

मनोली म्हणजे चिमणीहून लहान पाखरू, तपकिरी, पोटावर खवल्यांसारखे ठिपके. धानावर ती थव्यानं पडते. बाबांची साठ वर्षांची खरी दुश्मन तीच. मी म्हणालो, "कणी टाकतो आहे, राळा टाकून पाहिला. येत नाहीत."

"सुपातलं नाही खात ते. लोंबीवर झुलून खाते. लोंबी पायजे. झालर आण."

झालर म्हणजे धानाच्या लोंब्या काडीसकट विणून केलेलं तोरण. कापणी झाली की छत्तीसगडकडच्या बाया ते विणतात. दाराला टांगायचं, पाखरांचा वाटा म्हणून. आमच्या बाजारातही त्या दिवसांत एखाद-दुसरी बाई घेऊन बसते. मी म्हणालो, "आणतो संध्याकाळी."

"तुले काय समजते? तू बियाणं आणशील. मी येतो."

झटक्यानंतर डॉक्टरांकडे सोडून बाबा घराबाहेर पडले नव्हते. मी ऑटो बोलावला. बाजाराच्या तोंडाशी उतरलो, तिथून साठ-सत्तर पावलं. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. भाजीच्या ओळीच्या शेवटी पोत्यावर एक पन्नाशीची बाई बसली होती. पुढ्यात दहा-बारा झालरी होत्या. वर वेणीसारखी घट्ट वीण आणि खाली लोंब्या मोकळ्या सोडलेल्या.

मी भाव विचारायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्या खांद्यावरचा हात दाबला. मी तोंड मिटलं.

"कोनत्या धानाची हाय?" बाबांनी विचारलं.

बाईनं वर पाहिलं. "का कहत हव बबा?" काय म्हणताय, बाबा.

मला त्या क्षणी तो गावाकडचा माणूस आठवला आणि मी मधे पडणारच होतो. बायकोनं निघताना बजावलं होतं, मामाजींच्या मधे बोलू नका. मी भाजीच्या टोपल्यांकडे बघत उभा राहिलो.

"धान. धान कोनता?" बाबा पुन्हा म्हणाले. गर्दीचा आवाज होता. बाईनं कानामागे हात धरला आणि पुढे वाकली.

"फेर बोलव बबा. जोर से बोलव."

ती हसली नाही. माझ्याकडे वळली नाही. बाबांकडेच बघत थांबली, जशी कुठल्याही गिऱ्हाइकासाठी थांबली असती. बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "धाऽऽन कोनता म्हनून राहिलो! जाडा का बारीक?"

शेजारचा कांदेवाला वळून बघू लागला. बाईचा चेहरा उजळला. "मोटा हे बबा, मोटा! बारीक धान के झालर मा दाना झर जाथे." बारीक धानाचा दाणा गळतो म्हणे. बाबांनी मान डोलावली. त्यांना तेच हवं होतं. त्यांनी एक झालर उचलली, लोंबी अंगठ्यानं चोळली, दाणा दातांखाली फोडला.

"ओली हाय अजून."

"सुक्खा हे बबा! कालेच बनाय हंव."

"काल बनवली तं सुकली कवा?" बाबा म्हणाले.

कांदेवाला हसला. बाईही हसली आणि म्हणाली, "बबा बड़ होशियार हे." तिनं मागचा ढीग पुढे ओढला. बाबांनी त्यातून चार निवडल्या, एकेक हलवून, गळते का ते पाहून. भाव पन्नास रुपये एकीचा. बाबा पस्तीस म्हणाले. ती पंचेचाळीसवर आली. बाबांनी झालरी खाली ठेवल्या आणि काठी टेकून वळायचं नाटक केलं. मी खरंच वळलो, तर त्यांनी माझी बाही धरून मला थांबवलं. मग ती चाळीस म्हणाली. बाबा म्हणाले, "बांधायची दोरी वरून द्यायची." तिनं दिली.

चाळीस चोक एकशे साठ. माझ्या हातात शंभराची एक आणि वीसच्या तीन नोटा तयार होत्या, सुट्ट्यांचा घोळ नको म्हणून. बाबांनी माझा हात बाजूला सारला. बंडीच्या आतल्या खिशात उजवा हात घातला, ज्या हाताला अजून बटण लागत नाही तो. तीन वेळा घातला तेव्हा नोटा बाहेर आल्या. पन्नासच्या तीन आणि वीसची एक. एकशे सत्तर. बाई दहाचं नाणं शोधू लागली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तू ऐकून घेतलं."

तिला ते कळलं की नाही मला माहीत नाही. एकूण एकशे सत्तर रुपये बाबांनी दिले, आणि झालर विणणाऱ्या त्या बाईनं ते कपाळाला लावून कनवटीला खोवले.